चमकी अधांतरी थांबत का नाही? (नातीनं अडचणीत आणलंय)

जुना_परिचर (सांगली)
मंडळी, राम राम. एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये परिचर म्हणून बत्तीस वर्षं काढली. सूत्रं मला येत नाहीत, पण विमशर्स्ट यंत्राचा (हातानं चकत्या फिरवून स्थिर वीज तयार करायचं यंत्र) कुठला ब्रश कधी कुरकुरतो ते झोपेतही सांगीन. आता निवृत्त. नात आठवीत आहे, तिचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलंय.

तिनं गणपतीच्या आराशीतली चमकीची झालर काढली, त्यातली एक पट्टी कापून कडं बांधलं. पीव्हीसीचा पाइप माझ्या लोकरी मफलरवर जोरात घासला आणि कडं वरून सोडलं. कडं पाइपाला चिकटलं, लगेच उडालं आणि वीतभर वर फुलून तरंगायला लागलं. पोरगी पाइप खाली धरून ते सोप्यातून स्वयंपाकघरापर्यंत नेऊन आली. आजी ओरडली, भाजीत पडेल म्हणून.

पुढं तिचं डोकं चाललं. हातात धरण्यापेक्षा पाइप स्टँडला आडवा बांधू, म्हणजे कडं आपोआप तरंगत राहील. बांधला. दोन-तीन मोजेपर्यंत कडं एका बाजूला घसरून खाली. मग चार पाइप चारी बाजूंनी उभे केले, बाजूला जायला जागाच ठेवली नाही. तर आता ते मधूनच खाली निघून गेलं. खालून पाचवा लावला, पुन्हा बाजूच्या फटीतून पसार. शनिवार-रविवार दोन्ही दिवस हाच खेळ चाललाय.

आता ती विचारते, "आजोबा, नेमके कसे लावले की थांबेल?" मला मनातून वाटतंय की असे लावताच येत नसतील. पण का, हे मला सांगता येईना. कुणी सांगेल का, आठवीच्या पोरीला कळेल असं?

पावडरकोट (कुपवाड)
आजोबा, पाइप जास्त घासा की ओ! चार्ज कमी पडत असणार.

जुना_परिचर
घासून घासून मफलरचं पोतेरं झालंय. जास्त चार्ज झाला की कडं जास्त जोरात घसरतं, एवढंच.

मास्तरीण (विश्रामबाग)
आजोबा, तुमच्या मनात आलं तेच खरं आहे. पाइप पाच लावा नाहीतर पन्नास, कडं थांबणार नाही. याला अर्नशॉचा सिद्धान्त म्हणतात. सॅम्युअल अर्नशॉ हा इंग्लंडमधला पाद्री, गणितातला पक्का. त्यानं १८३९ मध्ये केंब्रिजला हा निबंध वाचला आणि तो १८४२ मध्ये छापून आला. त्याला चमकीचं काही पडलं नव्हतं. प्रकाश ज्यातून जातो असं तेव्हा मानत, त्या ईथरचे कण एकमेकांना कसे धरून राहतात हे तो शोधत होता.

नातीला असं सांगा. एखादी वस्तू हवेत खऱ्या अर्थानं थांबायची तर तिला कुठूनही टिचकी मारली तरी ती परत जागेवर आली पाहिजे. म्हणजे त्या जागेभोवती लिंबाएवढा गोल कल्पनेनं काढला, तर त्याच्या पृष्ठभागावर सगळीकडे बलाचे बाण आत वळलेले हवेत. वरून खाली, खालून वर, डावीकडून उजवीकडे, सगळे आत. आता विद्युतबलाच्या रेषा हवेत मध्येच संपत नाहीत, त्या चार्जवरच सुरू होतात आणि चार्जवरच संपतात. पाइप तर लांब उभे आहेत. लिंबाच्या आत त्यांचा चार्ज काहीच नाही. मग आत शिरलेल्या रेषा जाणार कुठं? जेवढ्या शिरल्या तेवढ्या बाहेर पडल्याच पाहिजेत. म्हणून चारी बाजूंनी आत ढकललं की वर-खाली बाहेर ढकललं जाणार. तुमच्या चार उभ्या पाइपांनी नेमकं हेच केलं.

खिंड डोळ्यासमोर आणा. खिंडीच्या मध्यावर उभं राहिलं की डावी-उजवीकडे डोंगर चढत जातो, पुढं-मागं उतार. तिथं गोटा ठेवला तर तो थांबतो, पण कुणी खोकलं तरी उतारानं निघतो. मोकळ्या जागेत स्थिर विद्युतेनं केलेल्या समतोलाच्या सगळ्या जागा अशा खिंडी असतात. वाटीचा तळ एकही नसतो. पाइप हलवून तुम्ही खिंडीची दिशा फिरवता, तिची वाटी होत नाही.

शंकासुर (मिरज)
पण आजोबांच्या प्रयोगात गुरुत्वाकर्षणही आहे की. ते धरलंत का?

मास्तरीण
धरलं. तेही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणातलंच बल. त्याच्या रेषाही मोकळ्या जागेत संपत नाहीत. त्यामुळे खिंडीत आणखी एक खिंड मिसळली, एवढंच होतं.

शंकासुर
मग नात स्वयंपाकघरापर्यंत कशी घेऊन गेली?

मास्तरीण
तीच तर गंमत. तिचे डोळे कड्यावर होते आणि हात पाइपावर. कडं डावीकडे जायला लागलं की पाइप त्याच्या खाली सरकवायचा. गोटा उताराला लागला की खिंडच उचलून त्याच्याखाली न्यायची, तसं. ते तिच्या हातानं तरंगत होतं, पाइपानं नव्हे.

जुना_परिचर
हे वाचून दाखवलं. म्हणाली, "म्हणजे मी मशीन होते." आणि खूश होऊन उड्या मारत गेली.

शंकासुर
माझी शंका अजून संपलेली नाही. मास्तरीणबाई, तुमचा युक्तिवाद एका बिंदूएवढ्या चार्जसाठी चालतो. चमकी तर धातू लावलेली, म्हणजे वाहक. वाहकावरचा चार्ज इकडून तिकडं पळू शकतो. कडं बाजूला सरकलं की त्यावरचा चार्ज दुसरीकडे सरकून त्याला परत ढकलणार नाही कशावरून? निर्जीव वस्तूवर खिळे ठोकून बसवलेला चार्ज वेगळा आणि हा हुशार चार्ज वेगळा.

मास्तरीण
शंका उत्तम आहे, आणि उत्तर तुमच्या अपेक्षेच्या बरोब्बर उलटं आहे. चार्ज पळू शकतो म्हणून गोष्ट आणखी बिघडते.

क्षणभर धरा की कड्यावरचा प्रत्येक चार्ज जागच्या जागी खिळ्यानं ठोकला आहे. म्हणजे ती ताठ वस्तू झाली. तिच्या प्रत्येक तुकड्याला अर्नशॉ लागू आहे, म्हणून सगळ्या वस्तूलाही लागू. कुठल्या तरी एका दिशेनं सरकलं की एकूण ऊर्जा कमी होते. फार तर तेवढीच राहते, पण सगळ्या दिशांना वाढत मात्र नाही. ज्या दिशेनं ऊर्जा कमी होते तिकडं वस्तू थोडी सरकवा आणि आता खिळे काढा. मोकळे झालेले चार्ज काय करतील? वाहकात चार्ज नेहमी असे पसरतात की ऊर्जा कमीत कमी व्हावी. हलले तर ऊर्जा आणखी खाली जाईल, वर कधीच येणार नाही. म्हणजे उतार होता त्यापेक्षा तीव्र झाला. तुमचा हुशार चार्ज हुशार आहे खरा, पण तो उताराच्या बाजूनं आहे.

भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलनं १८७३ च्या वीज-चुंबकत्वावरच्या आपल्या ग्रंथात अर्नशॉचा सिद्धान्त मांडला तेव्हाही आधी चार्ज ठोकलेले धरले होते.

चारभिंती (सातारा)
मध्येच येतो. बॅटरी जोडून व्होल्टेज कायम ठेवलं तरी सुटका नाही. तेव्हा बॅटरीचं कामही हिशेबात घ्यावं लागतं, पण निकाल तोच.

आणि चार्ज अजिबात न दिलेला वाहक घेतला तर? तो क्षेत्रात गेला की त्याची एक बाजू धन, दुसरी ऋण होते आणि तो जास्त जोराच्या क्षेत्राकडे ओढला जातो. मोकळ्या जागेच्या मधोमध क्षेत्र सगळ्यात तीव्र कधीच नसतं, ते नेहमी कुठल्या तरी पृष्ठभागावर असतं. म्हणून तो तिकडंच जाऊन आदळतो.

पावडरकोट
हे मात्र आमच्याकडं रोज बघायला मिळतं. मी पावडर कोटिंगच्या, म्हणजे धातूच्या वस्तूंवर रंगाची पूड बसवायच्या कामात आहे. आमच्या गनला साठ-ऐंशी किलोव्होल्ट असतात, पावडर ऋण होऊन निघते आणि अर्थ केलेल्या जॉबवर, म्हणजे रंगवायच्या वस्तूवर, जाऊन बसते. हवेत लटकत कधीच राहत नाही, एकतर जॉबवर नाहीतर बूथच्या तळाला. आणि आतल्या कोपऱ्यात जाता जात नाही. क्षेत्र आत शिरत नाही ना, सगळी पावडर कडांवरच. नवीन पोरं म्हणतात गन खराब आहे. मी म्हणतो, व्होल्टेज कमी कर आणि गनचा कोन बदल.

जुना_परिचर
आदळण्यावरून आठवलं. लॅबमध्ये आम्ही दोन पत्र्यांच्या मधे रेशमी दोऱ्यानं भेंडाचा गोळा टांगायचो, वर वर्ख लावलेला. यंत्र फिरवलं की गोळा एका पत्र्याला चिकटायचा, लगेच झटका खाऊन दुसऱ्याला, पुन्हा पहिल्याला. मुलं तास संपला तरी हलायची नाहीत. भेंड बाशिंगवाल्याकडून आणायचो. बरोबर मध्यावर गोळा शांत ठेवायचा प्रयत्न प्रत्येक बॅचमधला एक तरी शहाणा करायचा. नाही जमलं कुणाला बत्तीस वर्षांत.

शंकासुर
बरं, वाहकाचं मानलं. पण समतोल मुळात असतो तरी का? एकाच जातीचे चार्ज दूर ढकलतात, वेगळ्या जातीचे ओढतात. मग मध्ये शून्य बल येणारच कुठं?

मास्तरीण
येतं. आणि हे माझं सगळ्यात आवडतं उदाहरण आहे, म्हणून जरा लांबण लावते.

धातूचा एक गोळा घ्या, त्याला धन चार्ज द्या. तेवढाच धन चार्ज एका अगदी बारीक कणाला द्या. लांब असताना दोघं एकमेकांना ढकलतात, शाळेत शिकवल्याप्रमाणे. आता कण जवळ आणा. गोळ्यावरचे धन चार्ज कणाला घाबरून पलीकडच्या बाजूला जातात, अलीकडच्या बाजूला ऋण उरतं. अगदी जवळ गेलं की हे जवळचं ऋण पलीकडच्या धनाला भारी पडतं आणि कण चक्क ओढला जातो. सारख्याच जातीचे दोन चार्ज, तरी ओढ!

म्हणजे मध्ये कुठं तरी बल शून्य होणार. कुठं? हिशेब केला तर केंद्रापासून त्रिज्येच्या १.६१८ पट अंतरावर, बरोबर सुवर्ण गुणोत्तर. दहा सेंटिमीटर त्रिज्येचा गोळा असेल तर पृष्ठभागापासून ६.१८ सेंटिमीटरवर. कागदावर मी ते पहिल्यांदा सोडवलं तेव्हा उत्तर बघून दोनदा तपासलं.

पण आता ती जागा कशी आहे ते बघा. कण जरा आत सरकला की ओढ जिंकते आणि तो आणखी आत जातो. जरा बाहेर सरकला की ढकल जिंकते, आणखी बाहेर. ही तर डोंगराची धार झाली. समतोल आहे, पण टिकणारा नाही. आणि तो समतोल आला कशामुळे? गोळ्यावरचा चार्ज हलू शकतो म्हणून. खिळे ठोकलेले असते तर ढकलच राहिली असती. वाहकानंच जागा निर्माण केली आणि वाहकानंच ती घसरडी केली.

दोन्हीही धातूचे गोळे असले तरी अगदी जवळ आणल्यावर ते एकाच जातीचे असूनही ओढतात, हे जॉन लेक्नर यांनी २०१२ मध्ये नीट हिशेबानं दाखवलं. अपवाद एकच. एकमेकांना टेकवल्यावर चार्ज ज्या प्रमाणात वाटला जाईल नेमक्या त्याच प्रमाणात तो आधीच असेल, तर मात्र ढकलच राहते.

वाचनमात्र
चार वर्षांत पहिल्यांदा लॉगिन केलं, फक्त सुवर्ण गुणोत्तरासाठी.

शंकासुर
शरण. पण मग हवेत तरंगणाऱ्या गोष्टींचे व्हिडिओ असतात ते?

चारभिंती
प्रत्येकात कुठं तरी पळवाट असते. १९९७ मध्ये नेदरलँड्समध्ये बेडूक तरंगवला, तो प्रतिचुंबकत्वानं, म्हणजे चुंबकाकडून किंचित दूर ढकललं जाण्याच्या गुणानं. तशा वस्तू कमी जोराच्या क्षेत्राकडे जातात, आणि क्षेत्राची कमीत कमी जागा मोकळ्या हवेत मध्यावर असू शकते. विजेत वाहकाचं उलटं, म्हणून त्याला ती सवलत नाही. दुसरी पळवाट म्हणजे खिंड स्थिर ठेवायचीच नाही. एसी व्होल्टेजनं ती सतत उलटीपालटी करायची, म्हणजे गोटा एका बाजूला निघतो न निघतो तोवर तीच बाजू चढ होते. वोल्फगांग पॉल यांना आयन, म्हणजे चार्ज असलेले अणू, असे पकडण्याच्या कामासाठी १९८९ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. १९५९ मध्ये तर ॲल्युमिनियमचे बारीक चार्ज केलेले कण असे धरून दाखवले गेले होते. तिसरी पळवाट आजोबांच्या नातीची: डोळा आणि हात. धातूचा दोन-तीन मिलिमीटरचा थेंब विद्युतबलानं अधांतरी धरून वितळवतात तेव्हा लेझर त्याची जागा बघतो आणि व्होल्टेज सेकंदाला शेकडो वेळा बदलतं.

एसीचं वाचून घरच्या २३० व्होल्टशी कुणी खेळू नका, हे वेगळं सांगायला नको.

चौथी आणि सगळ्यात स्वस्त पळवाट म्हणजे स्प्रिंग. माझं पोट त्यावरच चालतं, मोबाइलमधल्या ॲक्सेलरोमीटरसारख्या (हालचाल ओळखणारा भाग) बारीक यंत्रणांवर. एक पत्रा स्थिर, त्याच्या वर दुसरा स्प्रिंगला टांगलेला, मधे हवा. व्होल्टेज वाढवत गेलात की वरचा पत्रा हळूहळू खाली येतो. सुरुवातीच्या फटीचा एक तृतीयांश भाग उतरेपर्यंत स्प्रिंग त्याला सांभाळते. त्यापुढं विद्युतबल स्प्रिंगपेक्षा वेगानं वाढतं आणि पत्रा टप्पकन खाली बसतो. आजोबा, हे प्रदर्शनात ठेवा. तरंगण्यापेक्षा हे जास्त शिकवेल.

आकडे देतो. पत्रे २० सेंटिमीटर बाजूचे चौरस, फट ६ मिलिमीटर, व्होल्टेज २००० धरलं तर सुरुवातीची ओढ जेमतेम दोन ग्रॅम वजनाएवढी. स्प्रिंग अशी हवी की दहा ग्रॅमला साडेचार मिलिमीटर ताणेल. मग २ मिलिमीटर खाली, म्हणजे फट ४ उरली की टप्प.

जुना_परिचर
हूकच्या नियमाची स्प्रिंग माझ्याकडे तशीच आहे. वरचा पत्रा म्हणजे थर्मोकोलला ॲल्युमिनियम फॉइल लावतो. हवा सध्या कोरडी आहे तोवर करून घेतो. पावसाळ्यात कृष्णाकाठी हे प्रयोग होत नाहीत, चार्ज पाच मिनिटं टिकत नाही.

जुना_परिचर (तीन दिवसांनी)
केला. आणि साताऱ्याच्या साहेबांना एक प्रश्न. जुन्या ओळखीवर विमशर्स्ट यंत्र दोन दिवसांसाठी आणलंय. पहिल्यांदा त्याच्या चार्ज साठवायच्या काचेच्या दोन्ही बरण्या, लायडनच्या, जोडून ठेवल्या आणि हळूहळू फिरवलं. पत्रा सावकाश खाली आला, फट चारच्या आसपास आली आणि टप्प! ठिणगीसकट. नात टाळ्या वाजवत होती. मग गंमत म्हणून बरण्या सोडवल्या. तर आता टप्प नाही! फिरवीन तेवढा पत्रा खाली येतो, थांबलो की थांबतो. चारच्या खाली गेला, तीन झाला, तरी सांभाळून आहे. तुमचा एक तृतीयांश कुठं गेला?

चारभिंती
आजोबा, तुम्ही नकळत दुसरा प्रयोग केलात. तुमच्या पत्र्यांची धारणक्षमता, म्हणजे चार्ज साठवायची ताकद, अगदी थोडी, साठ पिकोफॅरडच्या आसपास. बरणी त्यापेक्षा कितीतरी मोठी. ती जोडलेली असली की पत्रा खाली येताना लागेल तेवढा चार्ज ती पुरवते आणि व्होल्टेज जवळपास तेच राहतं. फट अर्धी झाली की ओढ चौपट. म्हणून टप्प. बरणी काढली की पत्र्यावर आहे तेवढाच चार्ज. फट कमी झाली तरी ओढ तीच राहते, कारण सपाट पत्र्यांमध्ये ओढ चार्जवर अवलंबून, फटीवर नाही. व्होल्टेज आपोआप उतरतं. मग स्प्रिंगला कसली भीती?

बरण्यांना हात लावायच्या आधी दोन्ही टोकं तारेनं जोडून मोकळ्या करत जा. नातीला लांब उभी करा.

शंकासुर
सापडलं! म्हणजे चार्ज कायम ठेवला तर वाहक स्थिर राहू शकतो. मास्तरीणबाईंचा सिद्धान्त पडला.

मास्तरीण
स्प्रिंग काढा, मग बोला. वर-खाली दिशेला विजेनं उतार केला नाही, सपाट जमीन ठेवली. चढ सगळा स्प्रिंगचा. आजोबा, एक विचारते. पत्रा तीनच्या खाली नेलात तेव्हा सरळ राहिला का?

जुना_परिचर
बाई, तुम्ही इथं होता काय? अडीचच्या आसपास एक कोपरा एकदम खाली झुकला आणि टेकला. मला वाटलं दोरे कमीजास्त झाले. पुन्हा बांधले, तर या वेळी दुसराच कोपरा टेकला.

मास्तरीण
दोरे ठीक होते. एकूण चार्ज कायम आहे, पण पत्र्यावर तो पळायला मोकळा आहे. कोपरा केसभर खाली गेला की चार्ज त्या बाजूला धावतो, तिथली ओढ वाढते, कोपरा आणखी खाली. खिळे काढण्याचा प्रसंग आठवा. सपाट जमीन सरळ उतरण्याच्या दिशेला होती, कलण्याच्या दिशेला उतारच होता. तुमची एकच स्प्रिंग मधोमध असणार, ती कलण्याला विरोध करत नाही.

जुना_परिचर
मधोमधच आहे. मग?

चारभिंती
त्याच जातीची स्प्रिंग तीन ठिकाणी लावा, शक्य तेवढी कडेला. ताठपणा तिप्पट होईल, म्हणून बरण्या लावून टप्प करायला व्होल्टेज पावणेदोनपट लागेल. विमशर्स्टला ते काहीच नाही.

पावडरकोट
तशा स्प्रिंगा माझ्याकडे पडून आहेत. उद्या विश्रामबागला येतोय, देऊन जातो. आणि फॉइलच्या कडा गोल वळवा ओ, टोकं राहिली की चार्ज तिथूनच गळतो.

जुना_परिचर
या. चहा आणि भडंग तयार ठेवतो. नात विचारते, चारी कोपऱ्यांना चार लावल्या तर?

मास्तरीण
तीनच. चार लावल्या की चारींचा ताण सारखा जुळवत बसावं लागेल.